गाळानं जिंकलेली बादली

फुटायचंच होतं, तर मी का नाही फुटलो? माझा थोरला भाऊच का? हे मला आजवर कुणी सांगितलं नाही.

मी एक काचेचा पाइप. आम्ही दोघं एकाच लांब पाइपचे तुकडे, हैदराबादेत, जामबागेतल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शेजारी बसवलेले. त्याच्यातून नितळ पाणी जायचं, माझ्यातून गढूळ. माझं शिक्षण तेवढंच. पण एक गोष्ट अंगाला कळली होती. जोरात सोडलेलं नितळ पाणी भोवरे घालत, काचेला घासत जातं. त्यात मुसी नदीचा बारीक गाळ बेतानं मिसळला, की भोवरे मवाळतात, घासणं कमी होतं आणि बादली लवकर भरते.

प्रयोगशाळेतल्या दिगंबर मास्तरांनी हे हेरलं होतं. पण हैदराबाद राज्याची वाटणी ठरलेली. छप्पन्न सालच्या एक नोव्हेंबरला त्यांना औरंगाबादला हजर व्हायचं होतं. त्याआधी विभागप्रमुख एकनाथराव साहेबांनी प्रयोग बघून वहीवर सही करावी, एवढ्यासाठी त्यांची धडपड.

साहेब आले. माझ्यातूनही नितळच पाणी आलं! दोन्ही बादल्या बरोबरच भरल्या.

"गाळ कुठाय, मास्तर? तुमच्याआधीच औरंगाबादला गेला काय?"

मास्तर गडबडले. मला धरणारी लोखंडी पकड सैल होती. घाईत त्यांनी पिळली थोरल्याची. कडकन आवाज झाला. भाऊ फरशीवर विखुरला.

"उमाजीमामा, गढूळ पाण्याच्या पिंपात काय केलंत?"

"काल तुरटी फिरवली की," शिपाई उमाजी म्हणाले. "साब येणार. त्यांच्यापुढं गढूळ पाणी ठेवू?"

"अहो, मला प्यायचं नव्हतं!" साहेबांना हसता हसता ठसका लागला.

मास्तरांनी डब्यातला उरलेला गाळ ताज्या पाण्यात कालवला. आता मी एकटाच. आधी नितळ पाणी सोडलं. घड्याळ साहेबांच्या हातात.

"बेचाळीस सेकंद."

मग गढूळ. खाली भावाचे तुकडे चमकत होते. मी पाण्याला म्हटलं, जा, सुसाट जा!

"अडतीस! पुन्हा सोडा."

पुन्हा अडतीस! साहेबांनी उभ्या उभ्याच सही केली.

"आपला चिखल जिंकला, मास्तर!" उमाजी ओरडले. माझ्या काचेत उजेड मावेना.

आता मी कापसात गुंडाळलेला, कपाटात असतो. पण त्याआधी, मास्तर निघाले त्या सकाळी, उमाजींनी माझ्या पिंपात तुरटी फिरवलेलं पाणी भरलं. "घोटभर पिऊन जावा. हे मात्र नितळच बरं."

मी हळूच, एकही भोवरा न उठवता, आधी मास्तरांची ओंजळ भरली. मग मामांची.