गुणाबाईंचे ठिपके

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, पण शाळेतला नव्हे. भिवंडीजवळच्या वळ गावात, धुण्याची पावडर पाकिटांत भरणाऱ्या एका गोदामाच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. दापोड्याच्या एका ट्रक रंगवणाऱ्या पेंटरने मला काळा रंग दिला. माझ्या अंगावर त्याने मधोमध ठरलेल्या वजनाची हिरवी रेघ ओढली आणि तिच्या वर एक, खाली एक अशा दोन लाल रेघा. सवयीने कोपऱ्यात एक कमळही काढून टाकले.

माझे काम माधवी मॅडमनी ठरवले. कंपनीच्या मालाचा दर्जा त्या तपासतात. दर तासाला मशीनमधल्या थोड्या पाकिटांचे वजन करायचे, त्यांची सरासरी काढायची आणि तिचा खडूने माझ्यावर ठिपका द्यायचा. "सगळ्या भाकऱ्या कुठे सारख्या होतात?" त्या म्हणाल्या होत्या. "वजन थोडं वरखाली होणारच. ठिपके लाल रेघांच्या आत असेच विखुरलेले असले, तर मशीनला हात लावू नका."

मशीन चालवायच्या त्या गावातल्याच गुणाबाई. ठिपका इतक्या निगुतीने द्यायच्या, जणू रांगोळीचाच. दसऱ्याला मशीनबरोबर मलाही त्यांनी हळदकुंकू लावले. तेव्हा मी किती फुशारलो होतो! आता ते आठवले की लाज वाटते.

पुढे माधवी मॅडमना काल्हेरचे गोदाम मिळाले आणि इथे मनोज सुपरवायझर झाला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला ठिपका हिरव्या रेघेवरच हवा असे. जरा खाली दिसला की तो ओरडायचा, "मावशी, पॉइंट बीचमध्ये पाहिजे! लक्ष कुठे आहे तुमचं? स्क्रू फिरवा!"

गुणाबाई लगेच वजन कमी-जास्त करणारा स्क्रू फिरवायच्या. पुढचा ठिपका वर जायचा. पुन्हा ओरडा, पुन्हा स्क्रू उलटा. मशीन बिचारे ठीकच चालले होते. त्याला कोणी स्वस्थ बसू देईना. ठिपके वर-खाली उड्या मारू लागले आणि शेवटी लाल रेघेबाहेर गेले. भरलेला माल फोडावा लागला. मनोजने माझ्याकडे बोट दाखवले. "हे बघा, मावशी. मी नाही, फळा बोलतोय. उद्यापासून ड्युटीवर येऊ नका."

गुणाबाईंनी खडू खाली ठेवला. पदराला खडूचे हात पुसून गेल्या. मी एकही ठिपका खोटा दाखवला नव्हता, तरीही त्यांचे काम माझ्याच साक्षीने गेले. त्या दिवसापासून माझे मन मला खात आहे.

त्यांच्या जागी रीमा आली. नवी म्हणून मनोज तिला ओरडला नाही, आणि स्क्रू दाखवायचाही राहून गेला. तिचे ठिपके लाल रेघांच्या आत निवांत राहिले. मनोज खूश! "पोरगी हुशार आहे," तो सगळ्यांना सांगू लागला. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्याच आठवड्यात माधवी मॅडम आल्या. माझ्यावर डावीकडे गुणाबाईंचे ठिपके होते, उजवीकडे रीमाचे. मॅडमनी दोन्हीकडचे ठिपके ताडून पाहिले.

"रीमा, तू काय वेगळं केलंस?"

"काय न्हाय, मॅडम. स्क्रू कुठं हाय ते पन मला म्हाईत न्हाय."

मॅडमनी मनोजकडे पाहिले. तो खाली मान घालून म्हणाला, "मीच फिरवायला लावायचो." मग त्याने तिथेच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "मावशी, परत या. तुमची चूक नव्हती."

"न्हाय, सायेब," गुणाबाईंचा आवाज आला. "मी नीटच करत व्हते, तरी पॉइंट चुकायचा. माझ्या हातातच कायतरी खोट हाय, असं वाटाया लागलंय. आता घरात मीठ टाकताना पन हात थांबतो."

मनोजने फोन मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी पुन्हा पुन्हा समजावले. गुणाबाई फक्त "हां, हां" म्हणत राहिल्या आणि त्यांनी फोन ठेवला. त्या आल्या नाहीत.

मित्रांनो, फळ्यावरचा ठिपका दाखवून माणसावर ओरडू नका. ठिपका लाल रेघांच्या आत असेल तर माणसाला सुखाने काम करू द्या. बाहेर गेला तर जवळ जा आणि काय झाले ते विचारा. मला काय, ओला फडका फिरवला की मी कोरा होतो. तिकडे गुणाबाई मात्र आमटीत मीठ टाकताना अजून थांबत असतील.