हर्षदचा टॅग

रामवाडीच्या दिनानाथांनी डोलवीच्या कंपनीत एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम केलं आणि दहाही बोटं शाबूत ठेवून रिटायर झाले. याचं श्रेय ते देवाला कमी आणि टॅगला जास्त देत. मशीन दुरुस्तीला घेतलं की स्विच पाडायचा, कुलूप घालायचं आणि आपल्या नावाचा लाल टॅग बांधायचा, म्हणजे दुसरं कोणी मशीन चालू करत नाही. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. साहेब येवो नाहीतर साहेबाचा साहेब, दुसऱ्याच्या टॅगला हात लावायचा नाही. म्हातारा या बाबतीत इतका कडवा, की घरात मिक्सर बिघडला तरी प्लगला टॅग लटकायचा.

गेल्या वर्षी हर्षदने, त्यांच्या एकुलत्या मुलाने, घरच्या कॉम्प्युटरला असाच टॅग बांधला. ‘काम चालू आहे. अपडेट करू नये. हर्षद.’ त्याचं नकाशे काढायचं काम अर्धवट होतं आणि अपडेट सुरू झालं की कॉम्प्युटर तासभर अडकायचा. “दोन दिवसांत सोडतो,” असं तो म्हणाला होता. दुसऱ्याच दिवशी वडखळजवळ त्याच्या मोटरसायकलला अपघात झाला आणि तो गेला.

चौदा महिने टॅग तिथेच राहिला. हर्षदची बायको नूतन त्याच कॉम्प्युटरवर नोकरीचं काम करायची. ब्राउझरने अपडेट मागितलं की ती मुकाट्याने ‘नंतर’ दाबायची. सासऱ्यांना दुखवणं तिच्या जिवावर यायचं.

परवा दुपारी तिच्या बहिणीचा, रोहिणीचा, रोह्याजवळच्या अष्टमीहून फोन आला. ब्राउझरमध्ये म्हणे एक दोष सापडला होता. नुसतं एखादं पान उघडलं तरी चोर कॉम्प्युटरमध्ये शिरत होता. दोषावरची दुरुस्ती अपडेटमध्ये आली होती, पण रोहिणीने ती उद्यावर ढकलली. चोराने सगळं कुलूपबंद केलं होतं आणि आता तिचा एकही फोटो उघडत नव्हता. लग्नाचे, बाळाचे, सगळे गेले. “तुझा आजच नीट कर गो,” ती रडत म्हणाली.

नूतनने आधी इंटरनेटची वायर काढली, मग सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली.

“बाबा, त्यांचे फोटो, त्यांचा आवाज, सगळं यातच हाय. गेलं तर परत नाय यायचं. टॅग सोडा.”

“मी नाय सोडणार. माझा नाय तो.”

“मग मी सोडते.”

“तुझा पन नाय!” दिनानाथ ओरडले आणि लगेच ओशाळले.

नूतन जराही चिडली नाही. “कंपनीत एखादा माणूस टॅग न सोडताच निघून गेला तर काय करायचे?”

त्याचाही नियम होता. दिनानाथांना तो तोंडपाठ होता आणि चौदा महिने ते त्यालाच भीत होते.

“आधी त्याला फोन लावायचा,” ते सावकाश म्हणाले. “मग आवार बघायचं. मग साक्षीदारासमोर लिहायचं.”

त्यांनी हर्षदचा नंबर लावला. नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई सांगत राहिली. मग ते उठले. दोन्ही खोल्या पाहिल्या, मागचं अंगण पाहिलं, मोटरसायकल लावायची ती जागाही पाहिली. नूतन मागोमाग चालत होती. परत येऊन त्यांनी डायरी उघडली आणि लिहिलं, ‘टॅगचा मालक आवारात नाही.’ खाली नूतनने साक्षीदार म्हणून सही केली.

दिनानाथांनी गाठ सोडली. नूतनने वायर जोडून अपडेटचं बटण दाबलं. ब्राउझर बंद झाला आणि थोड्या वेळाने आपणहून उघडला.

“झालं, बाबा.”

“नाय झालं. एक बाकी हाय. मालक कामावर आला का त्याला पयलं सांगायचं, तुझा टॅग काढलाय म्हणून. नायतर तो चालू मशीनमध्ये हात घालतो.”

टॅग मुठीत धरून ते बाहेरच्या खोलीत गेले आणि हार घातलेल्या फोटोसमोर उभे राहिले.

“हर्षद, तुझा टॅग काढला रे. मी काढला. मशीन चालू हाय, आता तू नको हात घालू.”

आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदाच दिनानाथ मोठ्याने रडले.