लाटण्यानं दाबलेलं बटन

बापू म्हंजे मपल्या नवऱ्याचे थोरले भाऊ, तातेराव. घरात समदे त्यांना बापूच म्हणतात. मी लग्न होऊन आले तव्हापासून त्यांच्याशी एक शब्द सरळ बोलले न्हाई. आमच्याकडं रीतच हाये तशी. थोरल्या दिराम्होरं पदर नाकापोतर वढायचा, अन् बोलायचं असंल तर मधी कोणीतरी घ्यायचं. लेकरू असलं तर लेकराला सांगायचं, न्हाई तर भिताडाला. एकदा मी चुलीतल्या लाकडाला म्हणलं, बापूंना सांग च्या झाला, तर बापूंनी त्याच लाकडाला इचारलं, साखर टाकली का. खोटं वाटत असंल तर काय करू, ते लाकूड जळून गेलं, न्हाई तर दाखवलं असतं.

तर या बापूंची एक तीनचाकी फटफटी हाये. म्होरून मोटरसायकल, मागून दोन चाकांवर पत्र्याची ट्रॉली. हळदीची पोती, कडबा, लग्नाची माणसं, समदं तिच्यातच. आवाज असा की आमच्या दारात चालू केली तर सेनगावची कुत्री उठून बसतात. चावीचा खटका कवाच मोडला. मंग गावातल्या पोट्ट्यांनी पळवू न्हाई म्हून बापूंनी इंजनाचं बटन हँडलावरून काढलं, तारा लांबवल्या अन् सीटच्या मागं, आपल्या कमरेपाशी लपवून बसवलं. लपवलं ते बेस केलं, पर बटन बिघडलं. कोणी दाबून धरंल तवरच इंजन चालायचं. दाबलं की चालू, सोडलं की बंद. बापूंचे दोन्ही हात हँडलावर, अन् पाठीला देवानं तिसरा हात दिला न्हाई. मंग मपल्या जाऊबाई, शकुबाई, ट्रॉलीत बसून अंगठ्यानं बटन धरायच्या. बघणाऱ्याला वाटायचं, काय माया हाये म्हातारा-म्हातारीची. नवं बटन टाका म्हणलं की बापू म्हणायचे, चालून तर राहिली.

त्या दिशी समदं घर नरसीला लग्नाला गेलं. जाऊबाई बी गेल्या, आमचे मालक बी गेले. मोटरीची लाईट दुपारची व्हती म्हून बापू पाणी द्यायला राहिले, अन् मी राहिले सोनीसाठी. सोनी म्हंजे मपली शेळी. तिचं दूध एवढं दाट की च्यात टाकलं तर चमचा उभा राहतो. दिवस भरले व्हते तिचे. दुपारला कळा सुरू झाल्या, करडाचा एकच पाय भाईर आला अन् म्होरं काही सरकंना. तेल लावून पाहिलं, पोट चोळून पाहिलं. सोनी नुसती मान टाकून राहिली. शेजारच्या गोरेगावच्या ढोराच्या डॉक्टरला, गोपीचंदला, फोन केला. तो म्हणला, मावशी, मी दुसरीकडं निघून राहिलो, लगेच आणली तर बघतो. उशीर केला तर शेळी बी जाईल अन् करडू बी. रस्त्यावर जीप थांबवली, तर जीपवाला रगत बघून पळाला.

बापू मोटर चालू करून घरी आले व्हते, वसरीत उभं राहून ऐकत व्हते. सोनीकडं बघून म्हणले, "सोने, तुझ्या मालकिणीला सांग, गाडी काढतो मी. पर बटन कोण धरंल?"

मी म्हणलं, "सोने, त्यांना सांग, मी धरते."

सांगून तर बसले, मंग ध्यानात आलं. बटन बापूंच्या कमरेला चिकटून. थोरल्या दिराची सावली बी पडू देऊ न्हाई, अन् मी तिथं अंगठा लावायचा? मंग मला अक्कल सुचली. चुलीपाशी गेले अन् लाटणं घेऊन आले. ट्रॉलीत सोनीला पोत्यावर निजवलं, तिचं डोस्कं मांडीवर घेतलं, पदर हनुवटीपोतर वढला अन् हातभर लांबून लाटण्यानं बटन दाबलं. इंजन सुरू झालं. बापूंनी गाडी सोडली.

आता पदरातून दिसतंय काय? रस्त्यात पहिला खड्डा आला, लाटणं सरकलं, अन् इंजन बंद. मी अंदाजानं पुन्हा दाबलं. गाडी काही चालू होईना. आणखी जोरात दाबलं. तव्हा बापू म्हणले, "सोने, मालकिणीला सांग, बटन खाली हाये. ही बरगडी हाये."

असं करत करत निघालो. बापूंना किती टोले बसले ते त्यांच्या सदऱ्याखाली पाहणाऱ्यालाच ठाऊक. कोतमीर घेऊन चाललेला तांड्यावरचा भीमसिंग सायकल टेकवून बघत राहिला. त्यानं मंग समद्या तांड्याला सांगितलं की द्वारकाबाई, म्हंजे मी, थोरल्या दिराला लाटण्यानं हाकलत गोरेगावला नेऊन राहिली, बैलासारखं.

गोरेगावच्या अलीकडं एक चढ हाये. गाडी निम्म्यात गेली अन् सोनीनं पाय झाडले. लाटण्याला लाथ बसली, ते उडून रस्त्यावर पडलं अन् उतारानं घरंगळत गेलं. अजून बी घरंगळत असंल. इंजन बंद झालं. गाडी मागं सरकायला लागली. बापूंनी बिरेक दाबला, तरी सरकून राहिली, मागं नाला.

मी म्हणलं, सोने, सांग त्यांना, लाटणं गेलं. पर सोनी डोळे मिटून पडली व्हती. कान बी हलंना.

मधी बोलायला कोणीच राहिलं न्हाई. बापू तसेच म्होरं बघत म्हणले, "द्वारका, अंगठा लाव."

बापूंच्या तोंडून मपलं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. पदर मागं टाकला अन् दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून असं बटन दाबलं की ते खटकन आत गेलं. गाडी अशी उधळली की चढ संपला ते बी कळलं न्हाई. 

दवाखान्याच्या आवारात आलो. मी अंगठे काढले, इंजन चालूच. बटन आत रुतून बसलेलं. बापूंनी गिअरमधी टाकून बंद पाडायला पाहिलं, तर गाडीनं उडी मारून डॉक्टरचं बाकडं पाडलं. गोपीचंद वरडला, राहू द्या चालू, शेळी आणा आधी.

मंग त्या भडभडाटात कोणाला काही ऐकू येईना. डॉक्टरनं हात घातला, मी डोस्कं धरलं, बापूंनी मागचे पाय. तिथं कुठली रीत अन् कुठला पदर. बापू मला वरडून सांगायचे, मान वर धर, अन् मी त्यांना वरडून सांगायची, पाय मोडता का तिचा, सैल धरा. डॉक्टर करडाचा दुसरा पाय शोधत व्हता. एकदाचा सापडला. एक करडू आलं, निपचित. बापूंनी त्याला उलटं धरून झटकलं, तव्हा ते शिंकलं. त्याच्या मागून दुसरं आलं, ते आपल्या मनानंच वरडत. पर सोनी हलंना. मी तिच्या नाकाला गाल लावला. बारीक ऊन ऊन वारा लागला.

"बापू, जिती हाये सोनी," मी असं वरडले की घशाची शीर फुगली. अन् नेमकं तव्हाच पेट्रोल संपून इंजन बंद पडलं. समदीकडं शांत. मपला आवाज तेवढा गोरेगावच्या बाजारापोतर गेला. च्याच्या हाटेलातली माणसं उठून बघायला आली, एका बाईनं थोरल्या दिराला हाक मारली म्हून.

मी पदर वढला. बापूंनी घसा साफ केला, डॉक्टरकडं बघून म्हणले, "डॉक्टर, त्यांना म्हणावं, पेट्रोल संपलं. पंपापोतर ढकलत न्यावी लागंल."

डॉक्टर मपल्याकडं वळला. मी मनात म्हणलं, त्याला कशाला तरास. मंग बापूंकडंच बघून बोलले, "ऐकलं मी. सोनी ट्रॉलीत निजंल, पर ढकलताना करडं खाली पडतील. मी त्यांना घेऊन सीटवर बसते, हँडल धरते, तुमी मागून जोर लावा."

बापूंनी जरा इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, बघ्यांकडं बी पाहिलं. मंग बाह्या वर सारल्या अन् ट्रॉलीच्या मागं गेले.

"दोन्ही करडं घेतली का पदरात?"

"घेतली बापू. लावा जोर."