बाबांनी मिरी कमी केली तो आठवडा

सोमवारी बारकीचा चेहरा पडला आणि तिथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

बारकी म्हणजे बाबांची धाकटी लेक. रसायनशास्त्र शिकून तिने एका मोठ्या हॉटेलच्या वाइन विभागात अर्ज केला होता. तिथल्या प्रमुखांनी, म्हणजे मिशीवाल्या साहेबांनी, मुलाखतीत भलतंच काम दिलं. आठवडाभर घरी जे शिजेल त्याच्याबरोबर रोज एक युरोपियन वाइन निवडायची आणि मग येऊन सांगायचं. "काय जुळलं ते मला पुस्तकातही मिळेल," साहेब म्हणाले होते. "काय बिघडलं आणि का, ते सांग." नोकरी त्यावरच ठरणार होती.

घरात स्वयंपाक बाबांकडे. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासायच्या, संध्याकाळी कांदे चिरायचे. हात सढळ. लिंबू, मिरची, मिरी, कशातच कंजुषी नाही. सोमवारी त्यांनी टोमॅटोच्या रश्शात चिकन केलं, आंबट आणि झणझणीत. बारकीने सोबत फ्रान्सची बोजोले ओतली, हलकी लाल वाइन. एक घास खाल्ला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "मेली बिचारी."

"कोण गं?" आई दचकली.

"वाइन. नुसतं पाणी लागतंय. जेवण वाइनपेक्षा आंबट झालं की असं होतं."

बाबांना त्यातलं काही कळलं नाही. फक्त पोरीचा उतरलेला चेहरा कळला.

दुसऱ्या दिवसापासून ते गुपचूप कामाला लागले. बारकी बाटली उघडायची, वास घेऊन ठेवून द्यायची आणि अंघोळीला जायची. तेवढ्यात बाबा चमचाभर वाइन जिभेवर घोळवायचे, मग पातेल्यातला रस्सा, मग पुन्हा वाइन. माशावरचं लिंबू निम्मं झालं. मशरूमच्या भातातली मिरची गायब झाली. दुकानातही त्यांची हीच रीत होती. लावून बघायचं, जरासं घासायचं, पुन्हा लावून बघायचं.

आणि काय सांगावं, रोज जुळत गेलं! बारकी डोळे मिटून घोट घ्यायची, मान डोलवायची. बाबा दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले, "आमच्या पोरीची जीभ म्हणजे काय विचारू नका."

"तुमच्या हाताला झालंय काय?" आईने एकदा विचारलंच. "आजाऱ्याचं जेवण लागतंय."

"गप बस. शास्त्र चाललंय."

शनिवारी मटणाचा रस्सा होता आणि स्पेनची कडक लाल वाइन, रिओहा. बारकीने ग्लासला हातही लावला नाही. ताटावर नुसती वाकली, एक चमचा तोंडात धरला आणि खाली ठेवला.

"बाबा, हे कुणी केलं?"

"मी. आणखी कोण करणार?"

"नाही. तुम्ही मिरी भाजून घालता, ती आधी नाकाला झोंबते. ही कच्ची आहे, आणि तीही घाबरत घाबरत घातलेली. काल लसूण असाच दबकत आला होता. त्याआधी लिंबू. मला वाटलं माझंच नाक गेलं."

बाबा बोटांवर दिवस मोजू लागले. कुठल्या दिवशी काय काढलं, ते त्यांना स्वतःलाही एवढं आठवत नव्हतं.

"प्रयोगात एकही चूक निघाली नाही की आम्ही आधी यंत्र तपासतो," बारकी म्हणाली.

"यंत्र समोर बसलंय," आई म्हणाली. "हनुवटीला रस्सा लागलाय त्याच्या."

"तुझा चेहरा पडला होता गं," बाबा पुटपुटले.

"पडू द्यायचा ना! सोमवारी साहेबांना काय सांगू? सगळं छान झालं? तुम्ही दुकानात डोळ्यासाठी काच घासता, बाबा. इथे काचेसाठी डोळाच घासून ठेवलात!"

ती उठली, फ्रीज उघडून उरलेल्या बाटल्या पुढे मांडल्या आणि म्हणाली, "उद्या सगळं परत. थोडं थोडं करा, पण तुमचं करा."

रविवारी स्वयंपाकघरात अक्षरशः युद्ध पेटलं. माशाबरोबरच्या मस्कादेला, त्या हलक्या पांढऱ्या फ्रेंच वाइनला, लिंबाने गिळलं. रिओहा आणि मिरची एकमेकींना पेटवत सुटल्या. बारकीला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती आनंदाने ओरडली, "भयंकर! बाबा, हे अगदी भयंकर आहे!" प्रत्येक बिघाडाचं कारण ती घोट गिळायच्या आत सांगायची. बाबा झारा हातात धरून तोंड उघडं टाकून बघत राहिले. हे सगळं आपण साखरपाण्यासारखं मिळमिळीत करून तिच्यापुढे ठेवत होतो!

मग तिने बाटल्यांची अदलाबदल सुरू केली. जर्मनीची किंचित गोड रीस्लिंग तिने मटणाच्या तिखट रश्शापुढे ठेवली. घोट घेतला आणि ग्लास बाबांकडे सरकवला.

बाबांनी आधी रस्सा चाखला, मग वाइन. जाळ हळूहळू खाली बसला आणि त्यामागून मिरी वर आली, फुलांसारखी.

"इतकी वर्षं घालतोय मी ही," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा लागली."

सोमवारी बारकी हॉटेलातून परतली तेव्हा बाबा दुकान अर्धं बंद करून दारातच उभे होते.

"काय म्हणाले?"

"सगळे बिघाड लिहून घेतले. रिओहाचं सांगितलं तेव्हा मोठ्याने हसले. मग म्हणाले, उद्यापासून ये." तिने चपला काढल्या. "आणि एकदा आपल्याकडे जेवायला यायचंय त्यांना."

"अरे वा! तिखट सोसतं का त्यांना? विचारून घे हं आधी."

"अजिबात नाही. तुम्हीही विचारायचं नाही. तुमच्या हाताला येईल तसं करा, बाबा. पुढचं मी बघते."