पाहुण्याचं ताट

नळ गळतोय असं मी सांगितलं, तरी माझ्या घरात पहिला प्रश्न येतो तो गोळीचा. "अप्पा, गोळी घेतली का?" नळ गळतच असतो. माझा मुलगा राजशेखर बँकेत अधिकारी आहे आणि माणूस म्हणून वाईट नाही. पण त्या साचलेल्या पाण्यावरून स्वतःचा पाय घसरल्याशिवाय त्याला माझं म्हणणं पटत नाही, आणि पटलं तरी तो माझ्याकडं न बघताच प्लंबरला फोन लावतो. नांदेडच्या महाविद्यालयात मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, त्यातच पीएच.डी. केली. विधान खरं की खोटं हे बोलणाऱ्याच्या प्रकृतीवर ठरत नाही, हे पहिल्या तासाला सांगत आलो. माझ्या घरात मात्र ते कुणाला शिकवता आलं नाही. मला स्किझोफ्रेनिया आहे, त्यामुळं माझं प्रत्येक वाक्य तपासून घ्यायचं असतं. खोटं कशाला बोलू, मीही तपासूनच घेतो. हे लिहितानाही घेतो आहे.

तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मी तरुण होतो आणि आम्ही औशाला राहत होतो. अगदी कानाशी येऊन, हळू, तो सांगायचा, 'खाऊ नको, ह्यात कायतरी घातलंय.' मी खाणं सोडलं. हाडं दिसू लागली. आमच्या लिंगायत घरांत जंगमस्वामी, म्हणजे आमचे गुरू, आले की पहिलं ताट त्यांचं असतं. त्यांचं झालं की मग घरचे बसतात. माझी आई गंगम्मा त्याच रीतीत वाढलेली. तिनं एक दिवस माझ्या शेजारी दुसरा पाट मांडला, त्यापुढं ताट वाढलं आणि मोकळ्या पाटाला हात जोडून म्हणाली, "पाहुणे, आधी तुम्ही जेवा. तुम्हाला काही झालं न्हाई, की मग माझं लेकरू जेवंल." थोड्या वेळानं आवाज थांबला. मी जेवलो. कुणीही न शिवलेलं ते ताट शेजारच्या गाईला गेलं.

तेव्हापासून ते ताट रोज मांडलं गेलं. आईनंतर माझी बायको मंजुश्री ते मांडू लागली आणि तिच्या हाताखाली आमची सून दामिनीही शिकली. दामिनी शाळेत विज्ञान शिकवते. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. सासरची एक रीत म्हणून तिनं ते घेतलं.

गोळ्यांची कथा वेगळी आणि जास्त संतापाची आहे. एका गोळीनं मी दिवसभर झोपायचो, दुसरीनं मान वाकडी झाली, तिसरीनं लाळ गळायला आणि हात थरथरायला लागले. वर रोज "जीभ उचला बघू" म्हणून मंजुश्री तोंडात डोकावायची, आणि राजशेखर मोठा झाल्यावर तोही डोकावू लागला. वडिलांच्या तोंडात बोट घालताना मुलाला काय वाटतं, ते मला माहीत नाही. मला काय वाटायचं, ते कुणी विचारलं नाही. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडं एकटक पाहत बसायची आमची पूजा. हाताच्या थरथरीनं एकदा ते माझ्या तळहातावरून निसटलं आणि फरशीवर गडगडत कपाटाखाली गेलं. मी पालथा पडून ते शोधत होतो आणि मागून माझा मुलगा विचारत होता, "अप्पा, गोळी घेतली का?" गोळी घेतली होती म्हणूनच तर ते पडलं होतं.

निवृत्तीनंतर आम्ही औशाला परतलो, तरी दवाखाना नांदेडचाच राहिला; तिथल्या डॉक्टर सौदामिनीबाईंनी शेवटी गोळी बदलली. त्या माझ्या डोक्यावरून घरच्यांशी न बोलता माझ्याशी बोलल्या, हेच मला नवीन होतं. ही गोळी जपून द्यावी लागते, रक्त तपासत राहावं लागतं, मधेच तोडता येत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. हळूहळू थरथर गेली. पुस्तकाचं पान शेवटपर्यंत वाचून उलटता येऊ लागलं. आणि एका सकाळी पूजेला बसलो असताना ध्यानात आलं की तो आवाज नाही. तळहातावर लिंग स्थिर होतं आणि आजूबाजूला फक्त घराचे आवाज होते, कुकरचा, रस्त्यावरच्या भाजीवाल्याचा. मी रडलो. म्हातारपणी का होईना, माझं डोकं माझं झालं होतं.

मी मंजुश्रीला म्हणालो, "आता ते ताट बंद कर."

ती भाकरी थापत होती. "इतकी वर्षं जेवू घातलं, अन् आता एकदम ऊठ म्हणू?"

"कुणाला ऊठ म्हणायचंय? तिथं कुणी नाही."

"तुमच्यासाठी न्हाई," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी तिच्या बोलण्याचा राग धरला, पण अर्थ धरला नाही. मग काही दिवसांनी शेजारच्या ताटातली भाकरी मोडलेली दिसली. वरणात बोटं फिरली होती. ठेचा बाजूला सारला होता, तिखट न सोसणारा माणूस सारतो तसा. मी आधी स्वतःवरच संशय घेतला. माझी ती सवयच आहे. स्वतःच्या हातांचा वास घेतला. मंजुश्रीवर नजर ठेवली. ती तिकडं फिरकतही नव्हती. पण एकदा चुलीपाशी ती दामिनीला म्हणाली, "आज मीठ कमी पडलं म्हणालेत." "हाव अत्या, मी पण ऐकलं," असं म्हणून दामिनी हसली. राजशेखर जेवायला बसताना मला म्हणाला, "अप्पा, जरा सरका. त्यांना मांडी घालायला जागा न्हाई."

मी सरकलो. तर्कानं विचार केला. एक तर ह्या तिघांना तो आवाज ऐकू येतो, नाहीतर येतो असं ते म्हणताहेत हे मला ऐकू येतं. दोन्हींत गोळीची गरज कुणाला तरी आहेच. फाइल मात्र एकट्या माझ्या नावाची आहे.

पुढच्या खेपेला नांदेडला गेलो तेव्हा सौदामिनीबाईंनी विचारलं, "सर, काही सांगायचंय?" माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. मागे मंजुश्री कपाळावर विभूती लावून, मांडीवर पर्स धरून बसली होती. राजशेखर इस्त्रीच्या शर्टात, हातात माझे रिपोर्ट घेऊन. दामिनी बाहेर गाडीत थांबली होती. ह्या माणसांना आवाज ऐकू येतात, असं मी म्हटलं असतं तर बाईंनी माझी गोळी बदलली असती. ही गोळी गेली की पुस्तक गेलं, हात गेला, डोकं गेलं. मी म्हणालो, "काही नाही."

मग मंजुश्री पुढं झुकली. "ही गोळी बंद करता येईल का हो? हे लई गप झालेत."

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "घरातला एक माणूस बरा झाला की बाकीच्यांना काही दिवस चुकल्या-चुकल्यासारखं होतं. सवय होईल."

औशाला परतताना लोह्याच्या पुढं राजशेखरनं गाडीचा वेग कमी केला. "अप्पा, तुम्ही पाहुण्यांशी बोलत न्हाईत. त्यांना लागतंय ते."

"कुठला पाहुणा रे? तो माझ्या डोक्यात होता!"

"तिथून काढला ना तुम्ही. मग जाईल कुठं तो?"

"मामा, खरं सांगू?" दामिनी मागून म्हणाली, "लई गोड बोलतात ते. माझ्या भाजीला एकदा तरी चांगलं म्हणालात का तुम्ही?"

तिघंही हसले. मला ते हसणं सहन झालं नाही. "आयुष्यभर माझ्या तोंडात बोटं घालून गोळ्या शोधल्यात," मी ओरडलो, "आणि आता एक गोळी लागू पडली तर ती तुम्हाला नको झाली?"

राजशेखरनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "आजची घेतली का, अप्पा?"

परवा रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. गोळ्या मंजुश्रीच्याच ताब्यात असतात. जेवण होत आलं की ती एक काढून देते. मी तिच्या हाताकडं बघत होतो, कारण शनिवारी तिनं गोळी द्यायला टाळाटाळ केली होती आणि मला हात पसरावा लागला होता. अचानक राजशेखरनं घास खाली ठेवला. दामिनी वाढता वाढता थांबली. तिघंही माझ्या शेजारच्या मोकळ्या पाटाकडं आणि मग माझ्याकडं बघू लागले, माझ्या उत्तराची वाट बघावी तसे.

"सांगा की," मंजुश्री म्हणाली. "किती अदबीनं विचारालेत."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. कशाला वाद घालायचा, असं वाटलं. मान हलवली की हिचं समाधान होईल, गोळी हातात पडेल, आजचा दिवस निभेल. मी मान हलवली.

"हो म्हणाले," ती पाटाकडं बघून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं पाकिटातून गोळी काढली, हात माझ्यापुढून पलीकडं नेला आणि ती शेजारच्या ताटात, मिठाच्या बाजूला ठेवली.

"ती माझी आहे," मी म्हणालो.

मी हात घातला तेव्हा तिथं फक्त मीठ होतं. मी ताट उचलून पाहिलं, पाटाखाली पाहिलं. मग ओरडलो. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात तिघांचीही नावं घेऊन ओरडलो. राजशेखर भाकरी मोडत होता. दामिनी ताकाचं भांडं घेऊन आली, पाटापुढच्या वाटीत ताक ओतलं आणि माझी वाटी ओलांडून पुढं गेली. मंजुश्रीनं पदरानं डोळे टिपले, मोकळ्या पाटाकडं झुकली आणि फार मायेनं विचारलं,

"आता ह्यांचा आवाज ऐकू येत न्हाई ना?"