कानातला कापूस

मायक्रोस्कोपच्या गोल उजेडात डॉक्टरीणबाईंना ते पांढरं दिसलं. कानाच्या पडद्याच्या जरा अलीकडे, वाळलेल्या रक्ताखाली, कापसाचा बोळा. चांगला वाटाण्याएवढा, पुवात भिजून फुगलेला.

"काही दिसतंय का मॅडम?" खुर्चीतल्या माणसाने विचारलं.

तो शाळेची बस चालवायचा. देहाने आडवा, आवाज असा की मागच्या सीटवरची कार्टीही गप्प बसावीत, आणि भीती कशाची, तर कापसाची. साप निघाला तर पकडून लांब सोडून येईल, पण गोळ्यांच्या बाटलीतला चिमूटभर कापूस बायकोने आधी काढून टाकल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. बोटांत दाबला की कापूस जो करकरतो, त्या नुसत्या आवाजाने त्याला दरदरून घाम फुटायचा. लोक हसायचे. घाम पुसत तोही हसायचा.

कानाच्या ऑपरेशनआधी त्याने हे लाजत लाजत सांगितलं होतं आणि बाईंनी शब्द दिला होता: कापूस वापरणार नाही, विरघळणारा स्पंज भरेन. स्पंज भरलाही. पण अगदी शेवटी त्यांच्या हाताने तेच केलं जे तो हात वर्षानुवर्षं प्रत्येक कानाला करत आला होता. मलमात बुडवलेला बोळा उचलला आणि आत सारला. बाईंचं डोकं तोवर पुढच्या पेशंटकडे पोचलं होतं.

पुढे तो तक्रार घेऊन आला. "मॅडम, जबडा हलवला की कानात कापूस करकरतो." बाईंनी टॉर्चने वरवर पाहिलं. सूज दिसली, रक्ताची पपडी दिसली. "कापूस कानात नाही, डोक्यात आहे तुमच्या," असं म्हणून त्या हसल्या. वर बायकोलाही आत बोलावून तेच सांगितलं आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

त्या एका वाक्याने घरात काय केलं, ते बायकोने आज आल्याआल्याच सांगितलं होतं. जेवताना तो थांबला की मुलगी विचारायची, "काय बाबा, करकरलं वाटतं?" त्याच्या सासऱ्यांनी चारचौघांत वेड्यात काढलं. शेवटी त्याने बसची किल्ली शाळेला परत दिली. नसलेले आवाज ऐकणाऱ्याच्या हवाली लोकांची पोरं कशी करायची, असं त्याचंच म्हणणं. आज ताप चढला म्हणून बायकोने त्याला अक्षरशः ओढून आणलं होतं.

खुर्चीमागच्या स्क्रीनवर सिस्टरांनीही पाहिलं होतं. त्या बाईंच्या अगदी जवळ सरकल्या आणि पुटपुटल्या, "पपडी म्हणा, मॅडम. दोन मिनिटांचं काम आहे. खरं कळलं तर हा पळून जाईल, आणि पू आत उतरला म्हणजे? त्याच्याच भल्याचं सांगतेय."

सिस्टरांच्या भीतीत खोटं काहीच नव्हतं, घोडं तिथेच अडत होतं. पपडी म्हटलं की सगळे सुटणार होते. कान बरा होणार, बाईंवर ठपका येणार नाही आणि हा माणूस, आपलं डोकं फिरलंय असं मानत, जन्मभर किल्ली मागायला जाणार नाही. बाईंना संताप आला, तो स्वतःचा. त्यांचा हात चिमट्याकडे केव्हाच गेला होता.

त्यांनी चिमटा खाली ठेवला. "सिस्टर, यांच्या मिसेसना आत बोलवा. दार उघडंच राहू द्या."

बायको आली, पर्स छातीशी धरून भिंतीला टेकली. बाई स्टूल ओढून त्याच्या समोर बसल्या.

"मी आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्हाला उठून जावंसं वाटेल. मी अडवणार नाही. तुमच्या कानात कापूस आहे. मी ठेवलाय."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्चीच्या हातांवरची बोटं आवळली गेली.

बाईंच्या जिभेवर 'पण' येऊन बसला होता. पण सूज फार होती, पण असं होतं कधीकधी, पण तुमची भीतीच अशी की... त्यांनी तो गिळला.

"वापरणार नाही असा शब्द दिला होता आणि सवयीने ठेवला. नंतर तुम्ही नीट सांगत होतात, तर मी धड तपासलं नाही आणि हसले. घरच्यांसमोर तुम्हाला वेडं ठरवलं, हे जास्त वाईट. तुम्हाला ऐकू येत होतं ते खरं होतं. माझं चुकलं. मला माफ करा."

"मीही हसले हो तुम्हाला," बायको म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

तो उठला, धडपडत बेसिनपाशी गेला आणि ओकला. सिस्टरांनी बाईंकडे असं पाहिलं की बोलायची गरजच उरली नाही. तोंड धुऊन तो दारापर्यंत पोचला. एक पाय बाहेर. बाई जागच्या हलल्या नाहीत. आता गेला तर पुन्हा कुठल्याच डॉक्टरच्या वाऱ्याला उभा राहणार नाही.

"आजच काढावा लागेल?" त्याने पाठमोरं विचारलं.

"आत्ताच. नाहीतर कान जाईल, जिवावरही बेतेल. भूल देऊन काढता येईल, पण त्यासाठी काही तास उपाशी राहून थांबावं लागेल, आणि ताप वाढतोय."

त्याने चौकट धरली आणि बाहेरचा पाय आत घेतला.

"काढा. पण तुम्ही नाही."

बाईंना ते चांगलंच झोंबलं. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावते."

"आणि तुम्ही इथेच बसायचं, माझ्यासमोर. तुमचे हात दिसले पाहिजेत मला."

शेजारचे डॉक्टर आले. बाईंनी हातमोजे काढले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले. चिमटा आत गेला तसा तो कण्हला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण नजर त्या हातांवरून ढळली नाही.

"निघाला, अहो, निघाला," मागून बायको म्हणाली.

सिस्टरांनी ट्रे झाकून बाहेर नेला. शेजारच्या डॉक्टरांनी औषध घातलं, मान हलवली आणि तेही गेले. बाईंच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो अजून हातांकडेच बघत होता, म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले.