पितळी बक्कल

"कियोएबाई, कोपऱ्यातल्या गिऱ्हाइकाला सूप!" दुकानमालक साकुमानं आतून हाळी दिली.

दुपारची ऐन गर्दी होती. सेंदाई स्टेशनातल्या त्या गल्लीत ओळीनं सगळी दुकानं एकाच पदार्थाची, बैलाच्या भाजलेल्या जिभेची. तरी प्रत्येकाबाहेर रांग. कियोए सूप घेऊन गेली. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं वाटी ओढली आणि काड्यांनी कांद्याची पात वेचून ताटाच्या कडेला ओळीनं मांडायला सुरुवात केली.

तिचा हात तसाच राहिला. उभ्या संसारात तिनं हे रोज पाहिलं होतं आणि रोज त्यावरून बडबड केली होती.

"अहो," तिच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं मान वर केली. डोक्यावरचे केस गेले होते, गाल आत बसले होते, पण तिचा नवरा तोकुजीच. कित्येक वर्षांपूर्वी त्सुनामीत वाहून गेलेला तोकुजी. त्याच्या अस्थींच्या कलशात अस्थी नव्हत्याच, उद्ध्वस्त घरातून मिळालेला एक कंगवा तेवढा होता.

तो उठू लागला.

"बसा. सूप संपवा," ती म्हणाली आणि आत गेली. "साकुमासान, मला जरा बाहेर जायचंय. गावाकडचं माणूस आलंय."

"आत्ता? रांग बघितलीत का?" साकुमा खेकसला. मग त्याचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "जा. पण लवकर या."

रंगीत काचांच्या मोठ्या भिंतीखाली, जिथं सगळे एकमेकांची वाट बघत थांबतात, तिथं ते दोघं उभे राहिले. मिठाईच्या पिशव्या घेतलेली माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"कुठं होतात?"

"त्या दिवशी इंजिनाचा पार्ट आणायला डोंगरापलीकडे गेलो होतो," तोकुजी खाली बघत म्हणाला. "आठ दिवसांनी पोचलो. शाळेतल्या छावणीत खिडकीतून बघितलं. आई, तू, आपला शिंगो, तिघं ब्लँकेट पांघरून भात खात होतात."

"मग?"

"होडी नाही, घर नाही. पुन्हा पहिल्यापासून सगळं उभं करायचं... पाय आत वळेनात, कियोए. आणि मनात आलं, मला आता कुणी शोधणार नाही."

"कुणी शोधणार नाही?" तिचा आवाज चढला. आयुष्यभर ती त्याला अहो-जाहो करत आली होती; ते तिथंच गळून पडलं. "तुझा पोरगा शोधतोय तुला! दर महिन्याच्या अकरा तारखेला, त्सुनामीच्या तारखेला, फावडं घेऊन किनारा उकरतो. बोटभर हाड तरी मिळू दे म्हणतो. बायको पोरीला घेऊन सैतामाला माहेरी गेली. बापाला वाळूत टाकून कसा येऊ, असं तिला म्हणाला. तुझी आई दाराकडे बघत मेली."

तोकुजीचे ओठ हलले. "शिंगोला सांगशील?"

"काय सांगू? बाप खिडकीतून बघून परत फिरला, हे सांगू?"

तिची नजर त्याच्या कमरेवर गेली. पट्टा नवा होता, बक्कल मात्र जुनंच. शाळेच्या कार्यशाळेत शिंगोनं बापासाठी बनवलेलं, पितळेचं, त्यावर कोरलेला वाकडातिकडा मासा. हा माणूस सगळं टाकून गेला आणि हे तेवढं जपलं. तिला त्याचा आणखीच राग आला.

"पट्टा काढ."

"इथं?"

"इथंच. आणि पुन्हा या स्टेशनात पाऊल टाकू नकोस. तू मेलायस."

त्यानं पट्टा काढून तिच्या हातात दिला, खूप खाली वाकून नमस्कार केला आणि एका हातानं पँट सावरत फाटकाकडे चालू लागला. ती त्याच्यामागे गेली नाही.

बक्कल तिनं मिठाच्या पाण्यात घातलं, कधी व्हिनेगरात. उकिरड्यावरच्या राखेनं घासलं, पुन्हा बुडवलं. हिरवा गंज चढून ते माशासकट खडबडीत झालं, तेव्हा ती गावी गेली. शिंगो पुढच्या वेळी कुठं खणणार, हे त्यानंच फोनवर सांगितलं होतं. आदल्या दिवशी, जुन्या धक्क्याच्या दगडांपाशी, तिनं वाळूत कोपरापर्यंत हात खुपसला.

दुसऱ्या दिवशी शिंगोचं फावडं खट्‌कन वाजलं. त्यानं वाळू झटकली आणि गुडघ्यांवर कोसळला.

"आई! आई, हे बघ! हा मासा मीच कोरलाय!"

बेपत्ता माणसांच्या शोधात त्याच्याबरोबर खणायला आलेल्यांनी डोक्यावरची हेल्मेटं उतरवली. एक पोलीस डोळे पुसत समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. चाळिशीचा शिंगो बक्कल कपाळाला लावून पोरासारखा रडत होता. कियोएनं हात जोडले. तिलाही रडू फुटलं आणि त्यात खोटं काही नव्हतं.

कंगव्याच्या शेजारी बक्कल ठेवून पुन्हा सगळे विधी झाले. वसंतात शिंगोनं किनाऱ्याजवळची आपली झोपडी आवरली आणि सैतामाची गाडी पकडायला सेंदाईला आला. तिनं त्याला दुकानात जेवू घातलं. कित्येक वर्षांत तो इतकं जेवला नव्हता. नातीसाठी तिनं हिरव्या सोयाबीनचं सारण भरलेली मोची नावाची तांदळाची मिठाई घेतली, वाटेत खायला डबा घेतला आणि त्याला पोचवायला फलाटावर गेली.

"आई," डब्यात चढताना शिंगो म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत माझंच बक्कल घालून होते गं."

"हो," ती म्हणाली. "शेवटपर्यंत."

दार लागलं. ती नमस्कारासाठी कमरेत वाकून उभी राहिली. गाडी दिसेनाशी झाली, फलाट रिकामा झाला, पुढच्या गाडीची माणसं रांगेला लागली, तरी ती वर झाली नाही.

"आजी, बरं वाटत नाहीये का?" झाडू घेतलेल्या एका बाईनं तिच्या पाठीला हात लावला.

"बरी आहे," कियोए म्हणाली. डोक्यावरचा रुमाल सारखा करून ती जिन्याकडे वळली. खाली दुकानात दुपारची रांग लागायची वेळ झाली होती.